त्या मुलाचा हात इतका लांब का?

इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत स्मरणचित्राच्या कागदावर मी असा हात काढला असता, तर आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी एक डोळा मिटून, पेन्सिल उभी-आडवी धरून माप घेतलं असतं आणि शांतपणे विचारलं असतं, "हा उभा राहिला तर बोटं गुडघ्याखाली जातील. चालेल का तुला?" मला चाललं नसतं. मी खोडरबर घेतलं असतं.

एकोणिसाव्या शतकातल्या पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराने ते घेतलं नाही. 'लाल जाकिटातला मुलगा' हे त्याचं चित्र आज झुरिकच्या कुन्स्टहाउस या संग्रहालयात आहे. त्यातल्या मुलाचा पुढचा हात खांद्यापासून निघतो, पांढऱ्या ढगळ बाहीतून खाली येत राहतो आणि आता संपेल असं वाटतं तिथेही संपत नाही. गेली सव्वाशे वर्षं लोक या हाताबद्दल बोलतायत. माक्स लीबरमान या जर्मन चित्रकाराचा एक किस्सा सांगतात. कुणीतरी त्याच्यापुढे या हाताच्या लांबीची तक्रार केली, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की इतका सुंदर रंगवलेला हात कितीही लांब असला तरी जास्त लांब होत नाही. उत्तर झकास आहे, पण त्यातून काही कळत नाही. सुंदर रंगवलेला हात योग्य मापाचाही असू शकला असता. मग हा लांब का? या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला तर ज्याला पोस्ट-इम्प्रेशनिझम म्हणतात ते प्रकरण बऱ्यापैकी हाती लागतं. (आपल्याकडे त्याला 'उत्तर-दृक्प्रत्ययवाद' असा शब्द आहे. तो एका दमात उच्चारता आला तर अर्धी लढाई जिंकली. मी इथे इंग्रजी शब्दच वापरणार आहे.)

चित्र डोळ्यांसमोर नसेल तर आधी फोनवर शोधून घ्या. पुढचं सगळं ते बघत वाचायचं आहे.

एक मुलगा बसलाय. मिसरूड फुटायच्या आसपासचं वय. केस मानेपर्यंत वाढलेले. पांढरा सदरा, त्यावर बिनबाह्यांचं लाल जाकीट, गळ्याशी निळं कापड. एका हाताचं कोपर टेकवून त्याने डोकं तळहातावर सोडून दिलंय, दुसरा हात, तोच तो, मांडीकडे उतरलाय. पाठीला बाक आलाय. मागे एक जड पडदा तिरपा ओघळलाय. बस, एवढंच. काही घडत नाही. मुलगा आपल्याकडे बघतही नाही.

हा मुलगा कोण, याची नोंद आहे. मिकेलांजेलो दी रोझा नावाचा इटालियन मुलगा, पैसे घेऊन चित्रकारांसमोर बसणारा मॉडेल. त्या काळच्या पॅरिसमध्ये इटलीतून आलेली कितीतरी माणसं हे काम करत आणि त्यांच्या गावाकडच्या पोशाखाला चित्रकारांकडून मागणी असे. लाल जाकीट हा तसाच पोशाख. सेझानसाठी मात्र ही गोष्ट जरा वेगळी होती. तो सहसा घरच्या माणसांना बसवायचा. बायको ओर्तांस, मुलगा, मामा, नाहीतर गावाकडचे शेतमजूर. पैसे देऊन आणलेला मॉडेल त्याच्या चित्रांत क्वचितच दिसतो. 1886 मध्ये त्याचे वडील वारले. ते बँकर होते आणि मुलासाठी चांगलीच इस्टेट सोडून गेले. हे चित्र 1888 ते 1890 या काळातलं, म्हणजे पैशाची चिंता मिटल्यानंतरचं. या एकाच मुलाला त्याच जाकिटात बसवून, उभं करून त्याने चार तैलचित्रं केली आणि काही जलरंगातली.

माझ्या दहावीतल्या भाच्याला मी हे चित्र दाखवलं. त्याने दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "किती वेळ बसवलंय याला?" मला वाटतं या चित्रावरची इतकी मोलाची प्रतिक्रिया मी पुस्तकातही फारशी वाचलेली नाही. कारण सेझान खरोखरच अमानुष वेळ घ्यायचा. पुढे 1899 मध्ये आंब्रवाझ व्होलार या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र त्याने केलं. व्होलारने लिहून ठेवलंय, की त्यासाठी त्याला 115 वेळा बसावं लागलं. एकदा त्याला डुलकी लागली आणि तो स्टुलावरून खाली आला, तेव्हा सेझान त्याच्यावर खेकसला, की सफरचंद कधी हलतं का? आणि इतकं करून शेवटी चित्र अर्धवटच सोडलं, सदऱ्याचा पुढचा भाग बरा जमलाय एवढं म्हणून. फुलं रंगवायला घेतली तर ती सुकून जायची, म्हणून हा गृहस्थ कागदी फुलं वापरायचा.

आता मुलाच्या त्या बाकदार पाठीकडे पुन्हा बघा.

इथे थोडं मागे जावं लागेल. 1874 मध्ये पॅरिसमध्ये मोने, रेन्वार, पिसारो वगैरे चित्रकारांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं आणि त्यातून इम्प्रेशनिझम हे नाव पडलं, तेव्हा सेझानही त्यात होता. या लोकांचं म्हणणं थोडक्यात असं, की वस्तू आपल्याला दिसते ती तिच्यावर पडलेल्या उजेडामुळे, आणि उजेड सतत बदलतो. म्हणून या क्षणी डोळ्याला जे दिसलं ते पटकन, मोकळ्या हाताने पकडा. सकाळची नदी वेगळी, दुपारची वेगळी. या विचाराने चित्रकलेत उघड्यावरची हवा आली. सेझानने पिसारोबरोबर राहून ही विद्या मन लावून घेतली. पण त्याला एक गोष्ट खटकत राहिली. सगळंच उजेडात विरघळायला लागलं, तर वस्तूचं वजन कुठे गेलं? माणूस खुर्चीत बसलाय, तर खुर्चीला त्याचा भार जाणवायला नको का? इम्प्रेशनिझममधून संग्रहालयातल्या जुन्या चित्रांसारखं काहीतरी भरीव, टिकाऊ घडवायचं होतं, अशा अर्थाचं त्याचं एक वाक्य मोरिस दनी या चित्रकाराने नोंदवून ठेवलंय.

पोस्ट-इम्प्रेशनिस्ट म्हणून आपण आज ज्यांची नावं घेतो, त्या सेझान, व्हॅन गॉग, गोगँ, सेरा या चौघांनी एकत्र बसून कुठलाही वाद काढला नव्हता. त्यांच्यात समान एवढंच, की डोळ्याला दिसलं ते उतरवणं पुरेसं नाही असं प्रत्येकाला आपापल्या परीने वाटू लागलं. व्हॅन गॉगने भावनेचा रस्ता धरला, गोगँने सपाट रंगांचा आणि दंतकथांचा, सेराने ठिपक्यांच्या शास्त्राचा. सेझानने बांधणीचा. नावही नंतर पडलं. रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने 1910 मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत प्रदर्शन भरवलं, त्याला काहीतरी नाव द्यायचं म्हणून हे दिलं. 'इम्प्रेशनिझमच्या नंतरचे', बस, एवढाच त्याचा अर्थ. तोवर हे चौघेही गेलेले होते. सेझान चार वर्षांपूर्वी, 1906 मध्ये.

तर बांधणी. हा शब्द आपल्याला नवा नाही. घराची बांधणी म्हणतो, लेखाची म्हणतो. चित्राच्या बाबतीत तिचा अर्थ असा, की चौकटीतली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाला तरी टेकलेली, रेटलेली, तोललेली असते. एक काढली तर दुसरी हलते.

आता प्रयोग करू. फोनवरचं चित्र मोठं करा आणि त्या लांब हाताचा कोपराखालचा भाग अंगठ्याने झाका. मनातल्या मनात हात तिथेच संपवा, शरीरशास्त्राला पटेल असा. काय होतं? मला दिसतं ते असं: मुलगा एकदम वर, डोक्याकडे गोळा होतो. टेकवलेलं कोपर, तळहात, चेहरा, सगळी गर्दी एका बाजूला होते आणि खालची जागा पोकळ पडते. अंगठा काढा. पांढऱ्या बाहीचा तो लांब पट्टा खाली उतरतो आणि चित्राला पाय फुटतात. वर हातावर रेललेलं डोकं, खाली उतरलेला हात, मागे पाठीचा बाक आणि त्याच्याशी बोलणारा तिरपा पडदा. चित्रात सरळ उभं काहीच नाही, जो तो कलंडलेला आहे, आणि तरी काही पडत नाही. चांगल्या गवंड्याने रचलेल्या दगडी कमानीत प्रत्येक दगड पडू पाहतो, म्हणूनच कमान उभी राहते. तसं काहीतरी.

म्हणजे हाताची लांबी मुलाच्या अंगावरून ठरलेली नाही, चित्राच्या गरजेवरून ठरलेली आहे. आमच्या सरांची पेन्सिल इथे चालत नाही, कारण ती मुलाला मोजते आणि सेझान चौकटीला मोजत होता.

इथे एक शंका रास्त आहे. मग कुणीही वेडंवाकडं काढावं आणि बांधणीचं नाव पुढे करावं का? नाही. सेझानला हात नीट काढता येत नव्हता असं त्याच्या हयातीत म्हणणारे पुष्कळ होते, आणि खरं सांगायचं तर रेखाटनात त्याचा हात सराईत नव्हताच. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत त्याला प्रवेश मिळाला नव्हता. पण उमेदवारीपासून तो लूव्हर संग्रहालयात जाऊन जुन्या मूर्तींची आणि चित्रांची रेखाटनं करत राहिला होता. शरीराचं माप त्याला माहीत नव्हतं असं म्हणणं कठीण आहे. त्यातून चुकून लांब झालेला हात दुसऱ्या, तिसऱ्या बैठकीत दुरुस्त करता येतो. महिनोन् महिने समोर बसवलेल्या मुलाचा हात लांब राहतो, तेव्हा तो ठेवलेला असतो.

आणि मला आणखी एक वाटतं, हे माझं खासगी मत आहे. त्या वयात हात लांबच असतात. चौदा-पंधराव्या वर्षी मुलांचं अंग एका वेगाने वाढतं आणि हातपाय दुसऱ्या. हे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नाही, खिशात घालतात, काखेत दाबतात, नाहीतर असे मांडीवर विसरून जातात. जेवणाच्या टेबलावर माझा भाचा असाच बसतो. अंगापेक्षा हात पुढे निघून गेलेले. सेझानने हे बघून केलं असं मी म्हणत नाही, पण चित्राच्या गरजेतून जे आलं ते मुलाच्या वयालाही लागू पडलं, हे मला दरवेळी बघताना जाणवतं.

आता रंग. लांबून बाही पांढरी दिसते. चित्र मोठं करून बघा, ती कुठेच नुसती पांढरी नाही. निळसर राखाडी, हिरवट, मातकट पिवळा, मध्येच गुलाबी झाक. आपण शाळेत शिकतो, की गोलाई दाखवायची तर एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला तोच रंग काळपट करून सावली. सेझान तसं करत नाही. तो रंग काळा करत नाही, बदलतो. तांबडा-पिवळा यांसारखे उबदार रंग डोळ्याला पुढे आल्यासारखे वाटतात, निळे-हिरवे मागे सरकल्यासारखे. मग गोल वस्तूचा जो भाग पुढे आहे तिथे उबदार रंग, वळून मागे जातो तिथे थंड. छोट्या छोट्या पट्ट्या, एकीला लागून एक, जणू तो रंगाने मातीच थापतोय. चेहऱ्यावरचा हिरवा रंग त्यामुळे आजारपणाचा नाही. गाल तिथे वळतो.

याच कारणासाठी ते जाकीट लाल हवं. सगळं चित्र निळ्या, हिरवट, तपकिरी रंगांत आहे, म्हणजे मागे सरकणाऱ्या रंगांत. त्यात लाल रंगाचा तो तुकडा छातीशी पेटत राहतो आणि मुलाला भिंतीत विरघळू देत नाही. त्याला लागून बाहीचा पांढरा, गळ्याशी निळा. रंगांच्या या जोड्या बाजूला ठेवल्या, तर मुलाकडे चेहरा सोडून फारसं काही उरत नाही. आणि चेहराही तसा कमीच सांगतो.

व्यक्तिचित्र म्हटलं की आपण सवयीने डोळ्यांकडे जातो. स्वभाव शोधतो. रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकाराच्या चित्रांत तो सापडतोही. इथे मात्र चेहरा जवळजवळ मुखवट्यासारखा आहे, दोन-चार पट्ट्यांत आटोपलेला, नजर खाली. तळहातावर डोकं टेकलेला माणूस म्हणजे विचारात बुडालेला, खिन्न, ही खूण युरोपच्या कलेत फार जुनी. ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या 1514 च्या 'मेलेन्कोलिया' या प्रसिद्ध मुद्राचित्रातही तसाच टेकलेला हात आहे. सेझानला ही खूण अर्थातच ठाऊक होती. पण त्याने मुलाच्या डोळ्यांत पाणी आणलेलं नाही, भुवया ताणल्या नाहीत. उदासी आहे ती डोक्याच्या भारात, वाकलेल्या पाठीत आणि त्या हातात, जो खाली जातच राहतो. ती उदासी आहे की निव्वळ बसून बसून आलेला कंटाळा, हे ठरवायचं काम त्याने आपल्यावर सोडलंय. भाच्याने कंटाळा ठरवला. मी अजून ठरवलेलं नाही.

बाकीची तीन तैलचित्रं शेजारी ठेवून बघितली की आणखी मजा येते. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रात तोच मुलगा उभा आहे, कमरेवर हात ठेवून, एका पायावर भार देऊन. सोळाव्या शतकातल्या इटालियन सरदारपुत्रांच्या चित्रांतला रुबाब आणि अंगात गावाकडचं जाकीट. हेच चित्र 1958 मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात 2,20,000 पौंडांना गेलं, तेव्हा आधुनिक चित्राला इतकी किंमत कुणी ऐकली नव्हती. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या चित्रात तो खुर्चीत बसलाय, आणि फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशनमधल्या चित्रातही बसलेलाच आहे, पण वेगळ्या बाजूने बघितलेला. चारही चित्रांत चेहरा थोडा थोडा वेगळा वाटतो, जाकिटाचा लालही. मुलगा कसा दिसतो हा प्रश्न असता तर एका चित्रात भागलं असतं. तेच अंग, तेच कापड, जरा वळवलं की चौकटीत काय काय बदलतं, हा त्याचा प्रश्न होता. चारात मला झुरिकचं सगळ्यात जवळचं वाटतं, आणि वॉशिंग्टनचं जरा जास्तच ऐटबाज.

झुरिकच्या चित्राचं पुढचं आयुष्य सिनेमाला शोभेल असं आहे. ते एमिल ब्यूर्ले या उद्योगपतीच्या संग्रहातलं. ब्यूर्लेचा पैसा शस्त्रास्त्रांच्या धंद्यातला, त्यात नाझी जर्मनीला विकलेली शस्त्रंही होती. त्यामुळे हा संग्रह कुन्स्टहाउसमध्ये मांडण्यावरून स्वित्झर्लंडमध्ये बरेच वाद झाले, अजून होतात. चित्र बघताना हे विसरावं असं मला वाटत नाही, पण त्याने हाताची लांबी बदलत नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये एका रविवारी तीन सशस्त्र लोक, हा संग्रह तेव्हा ज्या खासगी संग्रहालयात होता, तिथे शिरले आणि भिंतीवरची चार चित्रं काढून घेऊन गेले. सेझान, देगा, मोने आणि व्हॅन गॉग. मोने आणि व्हॅन गॉग आठवडाभरात झुरिकमध्येच उभ्या असलेल्या एका गाडीत सापडले. लाल जाकिटातला मुलगा मात्र चार वर्षं गायब होता. 2012 मध्ये तो सर्बियात, बेलग्रेडमध्ये मिळाला.

या सगळ्याशी आपला मुंबईचा एक धागा जुळतो. चित्रकार सय्यद हैदर रझा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, 1947 मध्ये सूझा, हुसेन, आरा यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. 1948 मध्ये ते काश्मीरला निसर्गचित्रं करायला गेले, तिथे त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार भेटला. त्याने चित्रं बघितली आणि सांगितलं, की तुमच्यात गुण आहेत, पण चित्रांत बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा. रझांनी हे मनावर घेतलं. मुंबईला परतून फ्रेंच शिकायला लागले आणि 1950 मध्ये शिष्यवृत्ती घेऊन फ्रान्सला गेले. पुढची साठ वर्षं त्यांचा मुक्काम मुख्यतः तिथेच होता. त्यांच्या नंतरच्या बिंदूंच्या, त्रिकोणांच्या चित्रांत सेझान शोधायला गेलात तर त्याच्या चित्रांतलं सफरचंद सापडणार नाही. पण एक त्रिकोण काढून घेतला तर बाकीचे कोसळतील, ही भावना होते की नाही बघा.

ही भावना तपासायचा एक जुना उपाय चित्रकार वापरतात. चित्र उलटं करून बघायचं. उलटं केलं की मुलगा दिसेनासा होतो, हात हात राहत नाही, त्याची लांबी कुणाला खटकत नाही. दिसतात ते लाल, पांढरे, निळे तुकडे आणि त्यांचे कललेले भार. लाल जाकिटातला मुलगा तसा नक्की बघा. फक्त फोनचं ऑटो-रोटेट आधी बंद करा, नाहीतर तो पुन्हा सरळ होऊन बसेल.